नवा प्रोसेसर, जुना बोर्ड

प्रश्न : पहिलाच गेमिंग पीसी जोडतोय. रायझन ५ ७६०० घेतला. बी५५० बोर्ड आणि डीडीआर४ रॅम स्वस्तात मिळतेय. घेऊ का?

उत्तर : मुळीच नको. हा प्रोसेसर एएम५ सॉकेटचा, बोर्ड एएम४चा. एएम४मध्ये पिना प्रोसेसरच्या पोटाला असतात, एएम५मध्ये त्या बोर्डावर आल्या. दोघांचं जुळणार कसं? एएम५ला रॅमही डीडीआर५च लागते. डीडीआर४ची खाच वेगळ्या जागी असते, दाबून बसवली तर स्लॉटच जायचा.

तेव्हा बी६५० बोर्ड घ्यावा. किंवा प्रोसेसर बदलून मिळत असेल, तर एएम४चा रायझन ५ ५६०० घ्यावा. मग स्वस्तातला बोर्ड आणि रॅम दोन्ही चालतील.

ग्राफिक्स कार्ड आरटीएक्स ४०६० घेणार असाल, तर त्याला ५५० वॅटचा पॉवर सप्लाय पुरतो, पण तो चांगल्याच कंपनीचा हवा. काटकसर रंगीत दिव्यांवर करावी.