घटक ४ : नव्या राज्याचा पहिला प्रमुख – यशवंतराव चव्हाण : जीवन, कारकीर्द आणि एका शब्दाची निवड

४.१ प्रास्ताविक



नव्याने स्वतंत्र झालेल्या राष्ट्राच्या पहिल्या अध्यक्षाला तयार पद मिळत नाही. पदाचे संकेत, पदाची भाषा आणि त्या पदावरून ‘आपण’ हा शब्द उच्चारताना त्यात कोणाकोणाला धरायचे, हे सारे त्यालाच घडवावे लागते. मराठीत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ अशी दोन सर्वनामे आहेत. ‘आम्ही’ म्हटले की ऐकणारा बाहेर राहतो. ‘आपण’ म्हटले की तो आत येतो. इंग्रजीला हा भेद एका सर्वनामात दाखविता येत नाही. नव्या राज्याच्या प्रमुखापुढचा पेच मात्र नेमका हाच असतो.

भारताचे पहिले राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांनी आपले आत्मचरित्र हिंदीत लिहिले. टांगानिकाचे पहिले अध्यक्ष ज्यूलियस न्येरेरे यांनी स्वाहिली भाषेला राष्ट्रीय व्यवहारात आणले आणि शेक्सपिअरच्या ‘ज्यूलियस सीझर’चा तीत स्वतः अनुवाद केला. स्वाहिली ही किनाऱ्यावरच्या व्यापारातून देशभर पसरलेली भाषा होती. देशातील कोणत्याही मोठ्या जमातीची ती मातृभाषा नव्हती, म्हणूनच ती सर्वांची होऊ शकली. इंडोनेशियात सुकार्णो यांच्या पिढीने सर्वांत मोठ्या भाषक गटाची जावानीज बाजूला ठेवून मलायवर आधारलेली भाषा स्वीकारली, त्यामागेही असाच विचार होता.

महाराष्ट्र हे राष्ट्र नव्हे, भारतीय संघराज्याचा एक घटक आहे. मुख्यमंत्री आणि राष्ट्राध्यक्ष या पदांतही मोठे अंतर आहे. तरीही १ मे १९६० रोजी अस्तित्वात आलेल्या या राज्याचे पहिले मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण यांच्यापुढे प्रश्न त्याच जातीचा होता. या घटकात आपण त्यांचा जीवनपट पाहणार आहोत, पण अधिक वेळ थांबणार आहोत ते त्यांनी केलेल्या एका शब्दाच्या निवडीपाशी.

४.२ जडणघडण

यशवंतरावांचा जन्म १२ मार्च १९१३ रोजी देवराष्ट्रे या गावी, आजोळी झाला. हे गाव तेव्हाच्या सातारा जिल्ह्यात होते, आज ते सांगली जिल्ह्यात आहे. वडील बळवंतराव न्यायालयात बेलिफ होते. ते लवकर वारले आणि आई विठाबाईंनी मुलांना हलाखीत वाढविले. विठाबाईंना अक्षरओळख नव्हती. ‘कृष्णाकाठ’ या आत्मचरित्रात यशवंतरावांनी आईविषयी लिहिलेली पाने पुस्तकातील सर्वांत संयत आणि म्हणूनच सर्वांत परिणामकारक पाने आहेत, असे माझे मत आहे.

कऱ्हाडच्या टिळक हायस्कूलमध्ये शिकत असताना ते स्वातंत्र्यचळवळीत ओढले गेले. १९३२ साली त्यांना अठरा महिन्यांची शिक्षा झाली. माफी मागितली तर सुटका होईल, असे एका शिक्षकाने सुचविले तेव्हा विठाबाईंनी मुलाला माफी मागू नकोस असे सांगितले, हा प्रसंग ‘कृष्णाकाठ’मध्ये आला आहे. येरवड्याच्या तुरुंगात आचार्य भागवतांसारख्या व्यासंगी माणसांच्या सहवासात त्यांचे वाचन वाढले. सुटकेनंतर, वयाच्या एकविसाव्या वर्षी, १९३४ साली ते मॅट्रिक झाले. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयातून १९३८ मध्ये बी.ए. आणि पुण्यातून १९४१ मध्ये एलएल.बी., असा हा रखडत पुढे गेलेला शिक्षणक्रम आहे. पाळी संपवून रात्री पुस्तक उघडणाऱ्या आपल्यापैकी अनेकांना त्यातली दमछाक समजावून सांगण्याची गरज नाही. त्यांचे नाव दिलेले मुक्त विद्यापीठ १९८९ साली नाशिकला स्थापन झाले, ते या दृष्टीने उचित वाटते.

२ जून १९४२ रोजी फलटणच्या वेणूताईंशी त्यांचा विवाह झाला आणि दोनच महिन्यांत ‘छोडो भारत’ आंदोलन सुरू झाल्यावर ते भूमिगत झाले. १९४६ मध्ये ते मुंबई विधानसभेवर निवडून आले.

४.३ लढ्याबाहेरचा नेता

१ नोव्हेंबर १९५६ रोजी गुजराती आणि मराठी भाषिकांचे विशाल द्वैभाषिक मुंबई राज्य अस्तित्वात आले आणि त्रेचाळीस वर्षांचे यशवंतराव त्याचे मुख्यमंत्री झाले. महाराष्ट्रातील लोकमत या द्वैभाषिकाच्या विरोधात पेटलेले होते. मुंबईसह संयुक्त महाराष्ट्रासाठी शंभराहून अधिक माणसांनी प्राण दिले होते. एस. एम. जोशी, आचार्य अत्रे, कॉ. डांगे, प्रबोधनकार ठाकरे ही मंडळी संयुक्त महाराष्ट्र समितीच्या व्यासपीठावर होती; यशवंतराव त्या व्यासपीठावर नव्हते. महाराष्ट्रापेक्षा आपण नेहरूंचे नेतृत्व मोठे मानतो, अशा आशयाचे विधान त्यांनी १९५५ च्या अखेरीस फलटण येथे केले होते. ते त्यांना दीर्घकाळ चिकटून राहिले. १९५७ च्या निवडणुकीत पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसची धूळधाण झाली. स्वतः यशवंतराव कऱ्हाडमधून थोडक्या मतांनी निवडून आले. त्याच वर्षी ३० नोव्हेंबरला प्रतापगडावर शिवछत्रपतींच्या पुतळ्याचे अनावरण पंडित नेहरूंच्या हस्ते झाले, तेव्हा समितीने मोठी निदर्शने केली.

ही पार्श्वभूमी सांगण्याचे कारण असे की, बहुतेक नवस्वतंत्र राष्ट्रांत लढ्याचा नेताच पहिला अध्यक्ष होतो. महाराष्ट्रात तसे घडले नाही. ज्यांच्या हाती राज्याचा कलश आला, त्यांना लढणाऱ्यांनी बराच काळ परके मानले होते. द्वैभाषिक टिकणार नाही हे दिल्लीला पटवून देण्यात यशवंतरावांचा वाटा होता, हे खरे. परंतु हे पटवावे लागले ते लोकांच्या लढ्यामुळे, हेही तितकेच खरे. विद्यार्थ्यांनी उत्तरपत्रिकेत यांपैकी एकच बाजू लिहिली तर ते उत्तर अपुरे राहील.

४.४ ‘मराठा’ की ‘मराठी’

राज्यनिर्मिती जवळ आली, तसे जुने भय वर आले. विदर्भाला पश्चिम महाराष्ट्राच्या वर्चस्वाची भीती होती. २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर कराराने दिलेली आश्वासने पाळली जातील का, ही शंका होती. मराठवाडा निजामी राजवटीतून नुकताच बाहेर आला होता. आणि ब्राह्मणांसह अनेक अल्पसंख्य समाजांना प्रश्न पडला होता की, हे राज्य संख्येने मोठ्या असलेल्या एका जातीचे तर होणार नाही?

हा प्रश्न स्पष्ट शब्दांत विचारला ग. त्र्यं. माडखोलकर यांनी. ते नागपूरच्या ‘तरुण भारत’चे संपादक आणि कादंबरीकार. १९४६ साली बेळगावच्या ज्या साहित्य संमेलनात संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला, त्याचे ते अध्यक्ष होते. गांधीहत्येनंतर १९४८ मध्ये उसळलेल्या ब्राह्मणविरोधी दंगलीची झळही त्यांनी सोसली होती. म्हणजे प्रश्न विचारणारा राज्याचा विरोधक नव्हता. राज्य मागणाऱ्यांपैकीच एक होता. येणारे राज्य ‘मराठा राज्य’ असेल की ‘मराठी राज्य’, असे त्यांनी विचारले. १९६० च्या जानेवारीत सांगलीच्या सभेत यशवंतरावांनी उत्तर दिले : हे राज्य मराठी असेल.

दोन शब्दांत फरक आहे तो अखेरच्या एका स्वराचा. भाषेच्या अभ्यासकाने येथे थांबायला हवे.

‘मराठा’ हे नाम. त्याला अनेकवचन आहे (‘मराठे’), सामान्यरूप आहे (‘मराठ्याचा’). या शब्दाचा अर्थ पूर्वी बराच विस्तृत होता. अठराव्या शतकात उत्तरेत गेलेले कोणत्याही जातीचे सैनिक तिथल्या लोकांच्या लेखी मराठेच होते. टिळक-आगरकरांच्या काळातील इंग्रजी साप्ताहिकाचे नाव ‘मराठा’ होते, अत्र्यांनी १९५६ साली काढलेल्या दैनिकाचेही तेच. आपल्या राष्ट्रगीतात हा शब्द प्रदेशवाचक म्हणून येतो. विसाव्या शतकात मात्र दैनंदिन बोलण्यात तो मुख्यतः जातिवाचक झाला. मागील घटकात आपण पाहिलेल्या अर्थसंकोचाचे हे ठळक उदाहरण होय. माडखोलकरांचा प्रश्न या अर्थसंकोचानंतरच विचारला जाऊ शकत होता. शंभर वर्षे आधी त्यातील पेच कोणाला कळलाही नसता.

‘मराठी’ हे भाषेचे नाव आणि त्याच वेळी विशेषण. ते अविकारी आहे : मराठी माणूस, मराठी बाई, मराठी मूल. लिंग बदलो, वचन बदलो, शब्द तोच राहतो. आणि महत्त्वाचे म्हणजे, जातीत प्रवेश करता येत नाही, भाषेत करता येतो. ज्याला ती येत नाही त्याला ती शिकता येते. उत्तरातील ‘ई’काराने राज्याचे दार या अर्थाने उघडे ठेवले.

हे दार सर्वांसाठी सारखेच उघडे होते का? पिंपरीच्या कॅम्पात फाळणीनंतर वसलेल्या सिंधी कुटुंबांना, सातपुड्यातील भिली बोलणाऱ्यांना, गडचिरोलीच्या गोंडी भाषकांना, घरी उर्दू बोलणाऱ्यांना ‘मराठी राज्य’ या शब्दांत आपली जागा कोठे दिसत होती? दुसरा आक्षेप सत्तेचा. सहकारी साखर कारखाने आणि १ मे १९६२ रोजी अस्तित्वात आलेल्या जिल्हा परिषदा यांतून ग्रामीण भागात जे नेतृत्व उभे राहिले, त्यात मराठा समाजातील घराण्यांचे प्राबल्य राहिले, हे अनेक अभ्यासकांनी दाखवून दिले आहे. दुसऱ्या पारड्यात काही निर्णय टाकावे लागतात. वार्षिक बाराशे रुपयांहून कमी उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलांना, जात न पाहता, फीमाफी मिळाली. धर्मांतरानंतर अनुसूचित जातींच्या सवलती गमावून बसलेल्या नवबौद्धांना राज्यापुरत्या त्या पुन्हा मिळाल्या. माझ्या मते सांगलीचे उत्तर प्रामाणिक होते, पण ते उत्तर देणाऱ्या पक्षाच्या रचनेत ते पूर्णपणे उतरले नाही.

४.५ शासनाला मराठी शिकविणे

राज्य मराठी म्हणायचे, तर त्याचे कागद मराठीत हवेत. १९६० सालीच भाषा संचालनालय स्थापन झाले. त्याच वर्षी तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या अध्यक्षतेखाली साहित्य संस्कृती मंडळ निघाले आणि मराठी विश्वकोशाचे काम पुढे त्यातूनच उभे राहिले. विश्वकोशाचा पहिला खंड वाचकांच्या हाती पडायला १९७६ उजाडले. शासकीय पदांना मराठी नावे देणारा ‘पदनाम कोश’ १९६२ मध्ये आला. त्यातील संस्कृतप्रचुर शब्दांची तेव्हा भरपूर टिंगल झाली. परंतु ‘संचालक’, ‘आयुक्त’, ‘अधीक्षक’ हे शब्द आज आपण न अडखळता वापरतो. हसून हसूनच लोकांनी ते पाठ केले असावेत!

राजभाषा अधिनियम १९६४ सालचा, म्हणजे यशवंतराव दिल्लीला गेल्यानंतरचा. तरी त्याची पायाभरणी याच अडीच वर्षांतील आहे.

४.६ ‘एमआयडीसी’ हा मराठी शब्द

आता आपल्या परिसराकडे येऊ. १९६१ च्या औद्योगिक विकास अधिनियमानुसार १ ऑगस्ट १९६२ रोजी महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले. पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना त्यापूर्वीच, १९५० च्या दशकात, केंद्र सरकारने उभारला होता. महामंडळाने जमीन, रस्ते आणि पाणी एकत्र आणल्यावर पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, भोसरी या गावांचे रूप पालटले. या चार गावांची १९७० मध्ये नगरपालिका झाली, १९८२ मध्ये महानगरपालिका. चाकणचा विस्तार त्यानंतरचा.

महामंडळाचे मराठी नाव कागदावरच राहिले. लोकांच्या तोंडी बसली ती इंग्रजी आद्याक्षरे, आणि त्यांना मराठी व्याकरण लागू झाले : ‘एमआयडीसीत कामाला आहे’, ‘एमआयडीसीचं पाणी’, ‘जुनी एमआयडीसी’. शब्द स्त्रीलिंगी झाला, त्याला विभक्तिप्रत्यय लागले आणि त्याचा अर्थही सरकला : संस्थेचे नाव जागेचे नाव बनले. पिंपरीतील यशवंतराव चव्हाण रुग्णालयाचे ‘वायसीएम’ झाले तेही असेच. रिक्षावाल्याला ‘वायसीएम’ म्हणणाऱ्याच्या मनात कऱ्हाडचा तो नेता क्वचितच येत असेल. ‘पदनाम कोशा’चे शब्द वरून आले, ‘एमआयडीसी’ खालून आला. दोन्ही मराठीच.

या पट्ट्यात लातूर, बीड, बुलढाण्याहून आलेला कामगार बिहार-उत्तर प्रदेशातून आलेल्या कामगाराशेजारी उभा असतो. दोघांत जी मिश्र भाषा चालते, तिला काही जण भेसळ म्हणतात. सांगलीच्या उत्तराची कसोटी मात्र आज याच ठिकाणी लागते : शेजारच्या माणसाशी बोलताना आपल्या तोंडून ‘आम्ही’ येते की ‘आपण’?

४.७ दिल्ली आणि ‘कृष्णाकाठ’

चीनच्या आक्रमणानंतर नोव्हेंबर १९६२ मध्ये यशवंतराव संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले. पुढे गृह, अर्थ आणि परराष्ट्र ही खाती त्यांनी सांभाळली. १९७७ मध्ये ते लोकसभेतील विरोधी पक्षनेते आणि १९७९ मध्ये अल्पकाळ उपपंतप्रधान झाले. सीमाभागाचा प्रश्न मात्र सुटला नाही. बेळगाव, कारवार, निपाणी बाहेरच राहिले.

१ जून १९८३ रोजी वेणूताईंचे निधन झाले. ‘कृष्णाकाठ’ १९८४ साली प्रसिद्ध झाले आणि त्याच वर्षी २५ नोव्हेंबरला दिल्लीत यशवंतरावांचा मृत्यू झाला. कऱ्हाडला कृष्णा-कोयनेच्या प्रीतिसंगमावर त्यांची समाधी आहे. आत्मचरित्राचा हा पहिला खंड १९४६ पाशी थांबतो. मुंबई आणि दिल्लीच्या काळाचे पुढील खंड लिहायचे राहून गेले. त्यामुळे द्वैभाषिक, प्रतापगड, सांगलीची सभा यांविषयी त्यांचे आत्मचरित्रात्मक निवेदन आपल्याला उपलब्ध नाही. त्यासाठी त्यांची प्रकाशित भाषणे वाचावी लागतात.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. ‘मराठा’ आणि ‘मराठी’ या शब्दांच्या अर्थांतील फरक व्याकरण आणि इतिहास या दोन्ही अंगांनी स्पष्ट करा.
२. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याबाहेर राहिलेला नेता राज्याचा पहिला मुख्यमंत्री झाला, याचे त्याच्या भाषेवर आणि धोरणांवर काय परिणाम झाले असावेत? साधार लिहा.

क्षेत्रीय कार्य

आपल्या कामाच्या ठिकाणी किंवा वस्तीत आठवडाभर कानावर पडणारी पाच इंग्रजी आद्याक्षरे टिपा. त्यांना कोणते लिंग आणि कोणते प्रत्यय लागतात, मूळ अर्थ बदलला आहे का, हे पाहा. बोलणाऱ्याची मातृभाषा मराठी नसल्यास त्याची नोंद स्वतंत्र करा. त्या नोंदी आपण संपर्कसत्रात एकत्र तपासू.