स्पॅनिशची वाट मराठीतून

मुलाला स्पॅनिशच्या क्लासला घालताना पालकांचा पहिला प्रश्न असतो तो नोकरीचा. वीस देशांची ही राजभाषा उपयोगाची आहेच, पण उपयोग कुठल्या पातळीपासून सुरू होतो ते आधी पाहावं. भाषेची पातळी ठरवणाऱ्या युरोपीय चौकटीत ए१ ते सी२ अशा सहा पातळ्या आहेत आणि इन्स्तितुतो सेर्वान्तेस या स्पॅनिश संस्थेची ‘देले’ ही भाषापरीक्षा त्यांवरच बेतलेली आहे. बी१ला पोहोचलेल्या विद्यार्थ्याला स्वतःचे अनुभव सांगता यावेत, मतामागची कारणं थोडक्यात देता यावीत, अशी अपेक्षा असते. मुलाखतीतही हेच विचारतात: आजवर काय केलंत, आणि तुम्हाला काय वाटतं?

इथंच बरीच मुलं अडखळतात, कारण ती वाक्य आधी इंग्रजीत जुळवतात. अशा वाक्यांत घरची मराठी स्पॅनिशला जास्त जवळची आहे. ‘मला आंबा आवडतो, मला आंबे आवडतात’ यात क्रियापद आंब्यामागे जातं. ‘मे गुस्ता एल मांगो, मे गुस्तान लोस मांगोस’ यातही तसंच. ‘मला वाटतं’ला ‘मे पारेसे’ हा जवळजवळ शब्दशः जोडीदार. ‘तीन वर्षं स्पॅनिश शिकतोय’ हे आपण वर्तमानकाळात म्हणतो, आणि ‘येवो त्रेस आन्योस एस्तुदियान्दो एस्पान्योल’ हेही वर्तमानकाळातच. ज्या ‘सब्जंक्टिव्ह’ची, म्हणजे शंका-नकारानंतर येणाऱ्या क्रियापदरूपाची, मुलं धास्ती घेतात, त्याचीही चाहूल मराठीत आहे. ‘तो घरी आहे असं वाटतं’, पण ‘तो घरी असेल असं वाटत नाही’. तसंच ‘क्रेओ के एस्ता एन कासा’, पण ‘नो क्रेओ के एस्ते एन कासा’. मराठीत दुसऱ्या वाक्यात ‘आहे’ही चालून जातं, स्पॅनिशमध्ये मात्र अशा नकारानंतर रूप बदलावं लागतं.

इंग्रजी माध्यमातल्या मुलाचं मराठी व्याकरण कच्चं असतं, ही शंका रास्त आहे. पण इथं घरी ऐकून तयार झालेला कान पुरतो. हा आधार सगळीकडे मिळत नाही, हेही खरं. आपल्याला भूक ‘लागते’. स्पॅनिश माणसाकडे ती ‘असते’: तेंगो आंब्रे. अशी वाक्यं पाठच करावीत. फोन भाषांतर करतो, मग शिकायचं कशाला, असंही विचारलं जातं. तोंडी परीक्षेत आणि मुलाखतीत फोन मदतीला येत नाही. शिवाय नोकरी बहुधा भाषेला हिशेब, संगणक किंवा पर्यटन अशा कौशल्याची जोड असेल तरच मिळते, म्हणून पदवी सोडून फक्त क्लासच्या भरवशावर राहू नये. क्लास निवडताना फी विचारालच. त्याआधी एका तासात प्रत्येक मूल स्वतः किती मिनिटं बोलतं, ते विचारा.