रस्ता सुधारला, कवटी तीच

गेल्या वर्षीच्या दिवाळीनंतरची गोष्ट. संध्याकाळचे रुग्ण तपासून होत आले होते. माझ्याकडे नेहमी येणाऱ्या एका अक्कांना त्यांचा मुलगा दवाखान्यात घेऊन आला. मुलगा इंजिनिअर, सात-आठ वर्षांपासून स्वीडनमध्ये नोकरीला, सुटीवर आलेला. सकाळी तो आईला मोटारसायकलवर मागे बसवून नांदेडहून माळेगावच्या खंडोबाला घेऊन गेला होता. अक्का नेहमीप्रमाणे एका बाजूला पाय सोडून बसलेल्या. वाटेत एका गावापाशी पट्टे न मारलेला गतिरोधक आला, गाडी उडाली आणि अक्का पाठीवर पडल्या. डोके आपटले, पण रक्त आले नाही. उठल्या, लुगडे झटकले, पाणी प्यायल्या, देवदर्शनही केले.

"मुका मार आहे काका, एखादे इंजेक्शन द्या," मुलगा म्हणाला.

मला मात्र अक्का ठीक वाटेनात. दोनदा उलटी झाली होती. डाव्या कानामागे टेंगूळ होते. एरवी साऱ्या गल्लीची खबरबात सांगणाऱ्या अक्का उत्तर देता देता पेंगत होत्या. मी इंजेक्शन दिले नाही. चिठ्ठी लिहून तातडीने मोठ्या रुग्णालयात पाठवले. सीटी स्कॅनमध्ये कवटीच्या आत रक्ताची गाठ दिसली. ती मेंदूला दाबत होती. त्याच रात्री शस्त्रक्रिया झाली.

दुसऱ्या दिवशी भेटायला गेलो तेव्हा मुलाने विचारले, "काका, तिकडे मी कोपऱ्यावरच्या दुकानात जातानाही पट्टा लावल्याशिवाय गाडी सुरू करत नाही. इथे आईला मागे बसवताना हेल्मेट माझ्या मनातसुद्धा आले नाही. असे कसे झाले?"

प्रश्न प्रामाणिक होता. आजचा लेख म्हणजे त्याचेच उत्तर आहे.

शिस्त रक्तात नसते

आपण सहज म्हणतो, 'तिकडची माणसेच शिस्तीची.' हे खरे नाही. १९६५च्या सुमारास स्वीडनची लोकसंख्या ऐंशी लाखांच्या आत होती आणि रस्त्यावर वर्षाला तेराशेच्या आसपास माणसे मरत होती. म्हणजे लाखामागे सुमारे सतरा. महाराष्ट्रात २०२२ साली १५,२२४ जण रस्ते अपघातात दगावले, म्हणजे लाखामागे साधारण बारा. एके काळी त्यांची अवस्था आपल्याहून वाईट होती!

पूर्वी स्वीडनमध्येही आपल्यासारखीच डावीकडून वाहतूक होती. ३ सप्टेंबर १९६७ रोजी ती एका दिवसात उजवीकडे वळवली. लोक इतके जपून गाडी चालवू लागले की मृत्यू घटले. पण दोनच वर्षांत भीती मोडली आणि आकडा पुन्हा पहिल्याच्या जवळ गेला. यातून मिळालेला धडा आपण सर्वांनी लक्षात ठेवावा. नुसती भीती आणि उपदेश फार दिवस टिकत नाहीत.

पुढे तिथे एकेक उपाय होत गेले. १९७५ साली पुढच्या आसनावर पट्टा सक्तीचा झाला. १९९७ साली तिथल्या संसदेने 'शून्य मृत्यू' हे धोरण स्वीकारले. त्याचे सूत्र साधे आहे: माणूस चुकणारच, पण त्या चुकीची शिक्षा मृत्यू असू नये. म्हणून समोरासमोर टक्कर होऊ नये यासाठी अनेक रस्त्यांच्या मधोमध पोलादी दोरांचे कठडे बसवले. चौकांच्या जागी वर्तुळाकार वळणे केली. जिथे माणसे पायी चालतात तिथे वेग ताशी ३० किलोमीटरपर्यंत आणला. आज सुमारे एक कोटी लोकसंख्येच्या या देशात वर्षाला सव्वादोनशेच्या आसपास मृत्यू होतात.

आम्हा डॉक्टरांना ही रीत ओळखीची आहे. पावसाळ्यात गॅस्ट्रोची साथ आली की आम्ही 'पाणी उकळून प्या' सांगतो. पण फुटलेली जलवाहिनी दुरुस्त झाल्याशिवाय साथ हटत नाही. रस्ते अपघात हीही एक साथच आहे.

आपला रस्ता

नांदेडहून लोहा, अहमदपूर, चाकूर करीत लातूरला जाणारा ३६१ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग आता पूर्वीपेक्षा रुंद आणि गुळगुळीत झाला आहे. खड्ड्यांच्या काळात माझ्याकडे कंबर धरलेली आणि मनगट मोडलेली माणसे येत. आता डोक्याला मार लागलेली जास्त येतात. रस्ता सुधारला, वेग वाढला, कवटी मात्र तीच राहिली. गावे रस्त्याच्या दोन्ही अंगांना तशीच आहेत. पोरे शाळेला आणि गुरे रानात जाताना तोच रस्ता ओलांडतात. गळीत हंगामात रात्री मागचा दिवा नसलेल्या उसाच्या ट्रॉल्या त्याच रस्त्यावर उभ्या असतात.

ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारा मोटारसायकलस्वार अशा ट्रॉलीवर आदळला, तर तो मार सुमारे ४६ फूट खोल कोरड्या विहिरीत पडल्याइतका असतो. वेग दुप्पट केला की विहीर चौपट खोल होते. ६० च्या वेगात एका सेकंदात गाडी ५५ फूट पुढे जाते आणि ब्रेक दाबायचे सुचेपर्यंतच एक सेकंद निघून जातो.

२०२२ साली देशात १,६८,४९१ माणसे रस्त्यावर मेली. त्यातल्या ५०,०२९ जणांच्या डोक्यावर हेल्मेट नव्हते आणि त्यांपैकी १४,३३७ जण अक्कांसारखे मागे बसलेले होते.

आपल्या हाती काय?

१. हेल्मेट दोघांनीही घालावे, आयएसआय खुणेचे आणि हनुवटीखाली पट्टा आवळून. त्याने डोक्याची इजा सुमारे ७० टक्क्यांनी आणि मृत्यूचा धोका ४० टक्क्यांनी कमी होतो. १९८८च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ नुसार मागे बसणाऱ्यालाही ते सक्तीचे आहे. पगडी बांधणाऱ्या शीख बांधवांना यातून सूट आहे. त्यांनी वेगाला अधिक जपावे.

२. बायाबापड्यांनी शक्यतो दोन्हीकडे पाय टाकून बसावे. पदर आणि ओढणी खोचून घ्यावी, म्हणजे चाकात अडकणार नाही.

३. ट्रॉलीमालकांनी मागे लाल परावर्तक पट्ट्या लावाव्यात. चारशे-पाचशे रुपयांत जीव वाचतो.

४. डोक्याला मार लागला की रक्त आले नाही तरी २४ तास लक्ष ठेवावे. वारंवार उलटी, वाढती डोकेदुखी, गुंगी, असंबद्ध बोलणे, झटके, हातापायातली ताकद कमी होणे, नाका-कानातून पाणी किंवा रक्त येणे, यांपैकी एक जरी लक्षण दिसले तरी लगेच मोठे रुग्णालय गाठावे. मधला काही काळ माणूस अगदी बरा वाटतो; तिथेच आपण फसतो.

५. जखमी माणसाला घडी करून रिक्षात कोंबू नये. मान सरळ ठेवावी. बेशुद्ध असल्यास पाणी पाजू नये. वाहत्या जखमेवर स्वच्छ कापड दाबून धरावे आणि १०८ ला फोन करावा. पोलिसांच्या भीतीने निघून जाऊ नये. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली आणि कायद्याने २०१९ साली मदत करणाऱ्याला संरक्षण दिले आहे. नाव सांगण्याचीही सक्ती नाही.

६. गावापाशी गतिरोधकाला पट्टे, फलक आणि दिवा हवा, असा ठराव ग्रामसभेत करून संबंधित खात्याकडे पाठवावा आणि त्याचा पाठपुरावा करावा. फुटलेली जलवाहिनी दुरुस्त करणे म्हणतात ते हेच.

अक्का वाचल्या. आजही कधी कधी त्यांच्या उजव्या हातातून तांब्या निसटतो. परत जाण्यापूर्वी मुलाने दोन हेल्मेट आणून ठेवली. "अंबाडा बसत नाही हो डॉक्टर त्यात," अशी त्यांची तक्रार असते. "मग वेणी घाला अक्का," असे मी सांगतो. हल्ली त्या वेणी घालतात.