साइट उघडत नाही, म्हणजे नाव मोकळं?

प्रश्न : खामगावात आमचं चांदीच्या भांड्यांचं दुकान आहे. दुकानाच्या नावापुढे ‘डॉट इन’ टाकून पाहिलं, काहीच उघडलं नाही. पाटी रंगवून घेऊ का?
– एक वाचक, खामगाव

उत्तर : पेंटरला जरा थांबवा! पुष्कळ जण नाव घेऊन नुसतं ठेवून देतात. साइट नसली तरी नाव गेलेलं असतं. ‘डॉट इन’ची नोंदवही निक्सी ही संस्था सांभाळते. तिथल्या ‘हूइज’ शोधात नाव टाका. नोंद दिसली नाही, तर उठायच्या आत नोंदवून टाका. दिसली, तरी हिरमुसू नका. ‘डॉट को डॉट इन’ आहे, २०१४पासून देवनागरी ‘डॉट भारत’ही मिळतं. नोंदणी मात्र साइट बनवणाऱ्या पोराच्या नव्हे, तुमच्याच नावावर आणि तुमच्याच ईमेलवर करा.