सोलापूर दर्शन किलोमीटरवर विकू नका : खास पाहुण्यांची टूर कशी आखायची आणि दर कसा सांगायचा

परवाच्या व्हिडिओत कोटेशनचं गणित घाईत उरकलं, बऱ्याच जणांना आकडे लिहून घेता आले नाहीत. म्हणून आज तेच सविस्तर लिहून देतोय. वही-पेन घेऊन बसा.

आपल्याकडे गाडीचा धंदा करणाऱ्याला फोन आला की पहिला प्रश्न येतो, "किलोमीटरला काय घेता?" आणि आपण लगेच आकडा सांगतो. समोरचा दुसऱ्या स्टँडवर फोन करतो, तिथला माणूस एक रुपया कमी सांगतो. झालं, गिऱ्हाईक गेलं. मग "सर, परवडत नाही ओ, हप्ता निघत नाही" म्हणून मला फोन येतात. कसा निघणार? तुम्ही रस्ता विकताय. रस्ता सगळ्यांकडे सारखाच आहे.

खासगी टूर म्हणजे एका कुटुंबासाठी, त्यांच्या सोयीनं, त्यांच्या आवडीनं आखलेला दिवस. युरोपात हा मोठा धंदा आहे. स्टॉकहोममध्ये वासा नावाचं जहाज आहे. १६२८ साली पहिल्याच फेरीत बंदरात बुडालं, १९६१ साली वर काढलं, आज त्याचं संग्रहालय आहे आणि तिथला गाईड पाहुण्यांना आवर्जून तिकडे नेतो. बुडालेलं जहाज ते लोक दाखवतात बघा! आणि आपण म्हणतो, सोलापुरात पाहण्यासारखं काय आहे?

आता माझी चूक सांगतो. तेव्हा माझ्या स्वतःच्या दोन गाड्या होत्या. अमेरिकेहून एक कुटुंब आलं होतं. मुलगा, सून, दोन नातवंडं आणि ७८ वर्षांच्या आजी. मी एका दिवसात अक्कलकोट, तुळजापूर, सिद्धेश्वर, भुईकोट किल्ला आणि चादरीची खरेदी बसवली. यादी लांब दिसली की पाहुणे खूश होतात, असा माझा समज. तुळजापूरला पायऱ्या उतरताना-चढताना आजींचे गुडघे बोलायला लागले, पुढे त्या गाडीतच बसून राहिल्या. संध्याकाळी स्टेशनकडे जाताना हळूच म्हणाल्या, "जुन्या मिलच्या चाळीत माझं लहानपण गेलं. तेवढं बघायचं होतं." गाडी सुटायला ४० मिनिटं होती. त्या भागाजवळून आम्ही दिवसभरात दोनदा गेलो होतो. मी विचारलंच नव्हतं, आणि त्यांना वाटलं, ठरलेल्या कार्यक्रमात आपण कशाला मध्ये बोलायचं. पुढच्या वर्षी आजी गेल्याचं कळलं. त्या मुलानं पैसे पूर्ण दिले होते, एक शब्द वाकडा बोलला नव्हता. पण परत कधी फोन आला नाही, आणि का आला नाही ते मला माहीत आहे.

तेव्हापासून माझा नियम आहे, दर सांगायच्या आधी विचारायचं. सोबत सर्वांत वयस्कर कोण आणि सर्वांत लहान कोण? पायऱ्या चढता येतात का? सोलापूरशी काही नातं आहे का, आजोळ, गिरणी, शाळा, कुलदैवत? आणि शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा : "एकच गोष्ट बघायची झाली तर कुठली?" ती गोष्ट सकाळी पहिल्यांदा ठेवायची. संध्याकाळवर ढकलली की ती राहतेच.

आता माल काय आहे ते बघा. नातं घेऊन येणाऱ्यांसाठी गिरणगाव आहे. १८७७ साली सुरू झालेली सोलापूर स्पिनिंग अँड विव्हिंग, म्हणजे आपली जुनी मिल, तिच्या आजूबाजूचा परिसर, मग पूर्व भागातले यंत्रमाग आणि तेलुगू बोलणारी पद्मशाली विणकर मंडळी. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे हे पाहुण्याला दुकानात सांगू नका, मागापाशी उभं राहून सांगा. आणि त्या विणकराला त्याच्या वेळेचे पैसे द्या. त्याचा माग तासभर थांबतो, फुकट कशाला थांबवायचा?

इतिहासाची आवड असेल तर चार हुतात्मा चौकात थांबा. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा, कुर्बान हुसेन आणि जगन्नाथ शिंदे यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी दिली. मे १९३० मध्ये या शहरात लष्करी कायदा लागला होता, ही गोष्ट पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांनाही नीट माहीत नसते. डॉ. द्वारकानाथ कोटणीस इथलेच, १९१० चा जन्म. १९३८ साली चीनला गेले आणि १९४२ मध्ये तिथेच वारले. महापालिकेची इंद्रभुवन इमारत अप्पासाहेब वारदांनी बांधलेली, बाहेरून दहा मिनिटं बघितली तरी फोटो होतात.

भाषेचं प्रेम असणारा पाहुणा आला तर हत्तरसंग कुडल सोडू नका. सीना-भीमेच्या संगमावर शके ९४० चा, म्हणजे इसवी सन १०१८ चा मराठी शिलालेख आहे, शिवाय ते बहुमुखी शिवलिंग. मराठीचा शिक्षक किंवा प्राध्यापक तिथं दोन तास हलत नाही. त्या दिवशी दुसरं लांबचं काही ठेवू नका.

जे हातात नाही ते मात्र विकू नका. नान्नजला "माळढोक दाखवतो" असं सांगून पैसे घेणारे मी बघितलेत. माळढोक आता दिसणं फार अवघड आहे. "माळरान आणि काळवीट बघू, बाकी नशीब" असं स्पष्ट सांगा. तसंच पंढरपूरच्या झटपट दर्शनाचं. रांग देवस्थानच्या हातात आहे, तुमच्या नाही.

आता गणित. समजा चार जण, पूर्ण दिवस, शहर आणि अक्कलकोट. आकडे उदाहरणाचे आहेत, तुमच्याकडचे घाला.

गाडी-ड्रायव्हर ३५०० रुपये. गाडी स्वतःची असली तरी हे धरायचेच, नाहीतर हप्ता कोण भरणार? पार्किंग, टोल, ड्रायव्हरचं जेवण ४००. तुमचा दिवस आणि आधीचे फोन मिळून २०००. पाहुण्यांचं जेवण, कडक भाकरी, शेंगाची चटणी वगैरे, माणशी २५० म्हणजे १०००. विणकराचं मानधन ५००. बेरीज ७४००. त्यावर १० टक्के अडीअडचणीसाठी, ७४०. झाले ८१४०. वर २० टक्के नफा, १६२८. एकूण ९७६८, म्हणजे ९८०० सांगा.

आता गंमत बघा. दोघंच आले तर जेवणाचे फक्त ५०० कमी होतात. त्याच हिशोबानं दर ९१०० च्या आसपास येतो. तुम्ही माणशी २४५० सांगून बसलात आणि दोघं आले, तर हातात ४९०० येणार आणि तुमचा खर्चच ६९००. खिशातून दोन हजार गेले! म्हणून दर नेहमी गाडीमागे, कुटुंबामागे सांगायचा. माणशी कधीच नाही.

बऱ्याच जणांची चूक इथे होते : "तुमचा दिवस" या रकान्यात शून्य. माहिती गोळा करणं, विणकराशी बोलून ठेवणं, आजींसाठी खुर्चीची सोय बघणं, हेच तर तुम्ही विकताय. त्याचे दोन हजार लावताना हात थरथरतो, मला माहीत आहे. पहिल्या तीन वेळा थरथरेल.

कागदपत्रांचं थोडक्यात. पांढऱ्या नंबरप्लेटची गाडी भाड्यानं देऊ नका, अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करू शकते. गाणगापूर, विजापूर कर्नाटकात येतात, तेव्हा गाडीचा परवाना तिकडे चालतो का ते आधीच तपासा. वार्षिक उलाढाल २० लाखांच्या वर जायला लागली की जीएसटी नोंदणीसाठी सीएला भेटा.

तारखा वहीच्या पहिल्या पानावर लिहा. गुरुवारी अक्कलकोट आणि मंगळवारी तुळजापूर भरलेलं असतं. कोजागरीला तुळजापूरचा रस्ता पायी जाणाऱ्या भक्तांनी भरून वाहतो, त्या दिवशी गाडी नेण्याचा शब्द देऊ नका. जानेवारीत संक्रांतीला गड्ड्याची यात्रा असते. नंदीध्वज बघायला येणाऱ्यांचे बुकिंग दिवाळीनंतर लगेच घ्या, कारण लॉज तेव्हाच भरतात. त्याच दिवसांत हुरडाही असतो, दोन्ही जोडून चांगला दोन दिवसांचा कार्यक्रम होतो. आणि मुंबईहून वंदे भारतनं येणारा पाहुणा, ही गाडी फेब्रुवारी २०२३ पासून आहे, रात्री उशिरा पोचतो आणि परतीची गाडी पहाटेच गाठतो. म्हणजे त्याला दोन रात्री मुक्काम लागतो. हॉटेलची चौकशी तुम्हीच करून दिलीत तर तो दुसरीकडे फोन करत नाही.

या आठवड्याचं काम : रविवारी घरच्याच एखाद्या वयस्कर माणसाला गाडीत बसवा, सिद्धेश्वर ते पूर्व भाग फेरी मारा आणि प्रत्येक ठिकाणी किती मिनिटं लागली, सावली कुठे होती, स्वच्छतागृह कुठे मिळालं ते लिहा. तो कागद मला पाठवा, पुढच्या व्हिडिओत त्यावरूनच तुमचं कोटेशन तयार करू.