गोलरक्षक शंकर लक्ष्मण



सायंकाळी मैदानावर खेळास आरंभ होताना एक गोष्ट नित्य आमच्या दृष्टीस पडते. जो वेगाने धावतो त्याला आघाडीची जागा मिळते. जो कोणाच्याच गणतीत नसतो त्याला ‘जा, तू गोलात उभा राहा’ असे सांगण्यात येते. पुढे सामना जिंकला तर गोल करणाऱ्याला खांद्यावर घेतात, हरला तर गोलात उभे असलेल्याला बोल लावतात. आमचे स्वतःचे बालपण समुद्रकाठच्या कोकणी मुलखात गेले. तेथेही भातकापणी झाली, की मोकळ्या शेतांत, म्हणजे इकडे खैरलांजीस ज्यांना बांध्या म्हणतात त्यांत, फुटबॉलचे डाव रंगत, आणि तेथेही न्याय हाच असे. हा न्याय कितपत योग्य आहे, याचा विचार तुम्ही करावा म्हणून आपल्याच मध्यप्रदेशातील एका थोर गोलरक्षकाचे चरित्र आज आम्ही तुमच्यापुढे ठेवीत आहोत.

प्रथम गोलरक्षकाचे काम नीट समजून घेऊ. हॉकीचा गोल १२ फूट रुंद व ७ फूट उंच असतो. गोलापुढील अर्धवर्तुळाची कड सुमारे १६ यार्डांवर असते. तेथून ताशी १०० किलोमीटर वेगाने टोला मारला, तर कठीण चेंडूला गोलापर्यंत पोचण्यास अर्धा सेकंद पुरतो. हे गणित तुम्ही स्वतः करून पाहावे. तेवढ्या अवधीत गोलरक्षकाने चेंडूची दिशा ओळखायची, अंग हलवायचे आणि पायाने, हाताने वा काठीने तो अडवायचा. इतर खेळाडूंना चेंडूस पाय लावण्याची मनाई असते. गोलरक्षकाला मात्र स्वतःच्या अर्धवर्तुळात ती मोकळीक आहे. आज त्याच्या डोक्यावर शिरस्त्राण व तोंडावर जाळी असते. आम्ही ज्या काळाची हकीकत सांगत आहोत, त्या काळी पायांना पॅड बांधून गोलरक्षक उघड्या तोंडाने उभा राही.

शंकर लक्ष्मण यांचा जन्म ७ जुलै १९३३ रोजी इंदूरजवळील महू येथे झाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे जन्मस्थान म्हणून हे गाव तुम्हांस ठाऊकच आहे. महू ही लष्कराची जुनी छावणी. १९४७ मध्ये, वयाच्या अवघ्या चौदाव्या वर्षाच्या सुमारास, शंकर लष्कराच्या बँडपथकात दाखल झाले. पुढे मराठा लाइट इन्फन्ट्री या पलटणीत त्यांची सेवा झाली. वाद्य वाजविणारा हा मुलगा लष्करातच नामांकित हॉकीपटू झाला आणि १९५६ मध्ये मेलबर्न येथील ऑलिंपिकसाठी भारतीय संघात निवडला गेला.

मेलबर्नला भारताने पाच सामन्यांत ३८ गोल केले, आणि भारतावर एकही गोल झाला नाही. अंतिम सामना पाकिस्तानशी होता. रणधीरसिंह जंटल यांनी केलेला एकच गोल निर्णायक ठरला. आता विचार करा: १ विरुद्ध ० या निकालातील १ हा आकडा जंटल यांच्या नावे लिहिला गेला, परंतु शेजारचे शून्य कोणाच्या नावे लिहावयाचे? ते राखण्यात गोलात उभे असलेल्या शंकर लक्ष्मण यांचा वाटा मोठा होता.

तथापि शून्य राखल्याने नेहमीच विजय मिळतो असे नाही. १९५८ साली टोकियो येथील आशियाई स्पर्धेत भारत व पाकिस्तान यांचा सामना ०–० असा सुटला, आणि गोलांच्या सरासरीवर सुवर्णपदक पाकिस्तानकडे गेले. त्या भारतीय संघात शंकर लक्ष्मण होते. दोन वर्षांनी, १९६० मध्ये, रोम ऑलिंपिकच्या अंतिम सामन्यात नसीर बुंदा यांनी पाकिस्तानसाठी एक गोल केला. भारताला त्याची फेड करता आली नाही, आणि १९२८ पासून भारताकडे असलेले सुवर्णपदक हातचे गेले. १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेतही पाकिस्तानचीच सरशी झाली. एवढे अपयश सोसून पुन्हा त्याच जागी उभे राहणे किती कठीण, याची कल्पना ज्याने एकदा तरी गोल खाल्ला आहे त्यालाच येईल.

शंकर लक्ष्मण उभे राहिले. २३ ऑक्टोबर १९६४ रोजी टोकियो ऑलिंपिकच्या अंतिम सामन्यात प्रतिस्पर्धी पुन्हा पाकिस्तानच होता. मोहिंदरलाल यांनी पेनल्टी स्ट्रोकवर गोल केला. त्यानंतर बरोबरी साधण्यासाठी पाकिस्तानने चढाईमागून चढाई केली. परंतु शंकर लक्ष्मण यांनी एकही चेंडू आत जाऊ दिला नाही. निकाल तोच, १ विरुद्ध ०, आणि सुवर्णपदक स्वदेशी परत आले. त्यांना अर्जुन पुरस्कार व १९६७ साली पद्मश्री मिळाली. १९६६ च्या बँकॉक आशियाई स्पर्धेत तर ते भारताचे कर्णधार होते. तेथेही अंतिम सामन्यात पाकिस्तानवर १–० असा विजय मिळाला.

असाच प्रसंग जगाच्या दुसऱ्या टोकासही घडला आहे. चेक देशात बर्फावरील हॉकी लोकप्रिय आहे. तीत चेंडूऐवजी रबराची चपटी चकती असते, आणि गोल ६ फूट रुंद व ४ फूट उंच. त्या देशाचे गोलरक्षक दोमिनिक हाशेक १९६५ मध्ये पार्दुबित्से येथे जन्मले. १९९८ च्या नागानो हिवाळी ऑलिंपिकच्या उपांत्य सामन्यात कॅनडाशी बरोबरी झाली, तेव्हा कॅनडाचे पाच खेळाडू एकामागून एक एकटे त्यांच्यावर चालून आले. पाचही जणांना हाशेक यांनी परतविले. अंतिम सामन्यात रशियावर विजय मिळाला, तोही १ विरुद्ध ० असाच! हाशेक यांनी अमेरिकेतील व्यावसायिक सामन्यांत कीर्तीबरोबर धनही मिळविले. आपले शंकर लक्ष्मण मात्र अखेरपर्यंत शिपाईगडीच राहिले.

१९६८ च्या ऑलिंपिकसाठी त्यांची निवड झाली नाही. तेव्हा त्यांनी हॉकी सोडली. १९७९ मध्ये लष्करातून कॅप्टन या हुद्द्यावर निवृत्त होऊन ते महूला राहिले. उतारवयात आर्थिक ओढाताण आणि पायाला झालेला गँग्रीन यांनी त्यांना गाठले. २९ एप्रिल २००६ रोजी महू येथेच त्यांचे देहावसान झाले. दोन सुवर्ण व एक रौप्य अशी ऑलिंपिकची तीन पदके मिळविणाऱ्या या पुरुषाचे नाव आज किती मुलांना ठाऊक आहे, हा प्रश्न आम्ही वर्गात विचारतो तेव्हा फारसे हात वर होत नाहीत. हा दोष मुलांचा नाही. आम्ही वडीलधाऱ्यांनी ते नाव सांगावयास हवे होते.

घरात, शेतात, रेल्वेच्या फाटकावर, देशाच्या सीमेवर अशी कितीतरी माणसे असतात, की ज्यांचे काम नीट झाले म्हणजे काहीच घडत नाही, आणि म्हणून ते कोणाच्या लक्षातही येत नाही. अशांची आठवण ठेवणे हा कृतज्ञतेचा पहिला पाठ होय. तेव्हा बालमित्रांनो, उद्या मैदानावर संघ पाडाल तेव्हा गोलाची जागा उरल्यासुरल्याला देऊ नका. विचार करून द्या. आणि ज्याच्या वाट्याला ती येईल त्याने मान ताठ ठेवून उभे राहावे. त्याच जागी आपल्या महूचे शंकर लक्ष्मण उभे होते.