अंधारात घट्ट होणारा गोंद

नऊ वर्षांची एक मधुमेही मुलगी माझ्याकडे येत असे. दंडावर लावलेल्या ग्लुकोज सेन्सरखाली तिला खाज सुटली, पुढे पाण्याचे फोड आले. मी घामाला आणि चिकटपट्टीला दोष देऊन मलम लिहून दिले. जागा बदलली, तरी फोड पुन्हा आले. अखेर त्वचातज्ज्ञांनी पॅच टेस्ट केली आणि आयसोबॉर्निल अ‍ॅक्रिलेटची अ‍ॅलर्जी निघाली. काही सेन्सरांमध्ये हे द्रव्य असल्याचे युरोपातील त्वचातज्ज्ञांनी २०१७ साली दाखविले होते. त्याचे प्रमाण यंत्राच्या कवचाचे भाग जिथे जोडतात, तिथे अधिक आढळले.

त्यानंतर मी या गोंदांचे शास्त्र वाचले. अ‍ॅक्रिलेट गोंदावर अतिनील किरण पडले की मुक्त मूलके निर्माण होतात आणि रेणूंची साखळी गुंफली जाते. प्रकाश थांबला की ही क्रियाही लवकरच थांबते. त्यामुळे धातूच्या किंवा अपारदर्शक प्लास्टिकच्या सावलीतला गोंद कच्चा राहू शकतो, आणि त्यातील सुटे रेणू त्वचेपर्यंत झिरपू शकतात.

यावर एक उपाय म्हणजे विलंबाने घट्ट होणारा एपॉक्सी गोंद. जेम्स क्रिव्हेलो यांनी १९७० च्या दशकात विकसित केलेले ओनियम क्षार त्यात उपयोगी पडतात. प्रकाशाने या क्षारांपासून तीव्र आम्ल तयार होते. ते एपॉक्सीची वलये उघडत जाते आणि दिवा विझल्यावरही काम चालू ठेवते. म्हणून आधी एका भागावर गोंद लावून किरण द्यायचे आणि साय धरण्यापूर्वी दुसरा अपारदर्शक भाग त्यावर बसवायचा. पूर्ण बळकटी यायला काही तास लागतात. सौम्य उष्णतेने वेग वाढतो. मात्र अल्कधर्मी पृष्ठभाग त्या आम्लाला निष्प्रभ करतो, तर हवेतील दमटपणाने क्रिया मंदावू शकते. शिवाय कच्चे एपॉक्सीही अ‍ॅलर्जीकारक असते. तेव्हा गोंद बदलला, तरी तो पूर्ण पक्व होणे महत्त्वाचेच.

आपण वैद्यांनी यातून एवढा बोध घ्यावा : यंत्राखालचे पुरळ वारंवार उठत असेल, तर केवळ घामावर भागवू नये, पॅच टेस्टचा विचार करावा. पालकांनीही सेन्सर परस्पर बंद करू नये. पर्यायी यंत्र मिळेपर्यंत बोटातून रक्त घेऊन साखर तपासत राहावे. त्या मुलीच्या फोडांचे कारण मला औषधांच्या नव्हे, तर गोंदाच्या पुस्तकात सापडले.